भिंतीत चिणलेली वाइन

आस्ती, १७ ऑक्टोबर १९८८
(मोंकाल्वोच्या खाणावळीत, रोझेत्ताच्या हस्ते)

सिन्योरा क्लेलिया,

पाकिटावर तुमचं आडनाव लिहिताना पेन जरा अडलं. तेच आडनाव मी वीसएक वर्षं किराणा दुकानापासून कोर्टापर्यंत सगळीकडे लिहिलं आहे, त्यामुळे हात सवयीने माझंच नाव लिहायला निघाला होता. खाडाखोड दिसते ती त्यामुळे. गैरसमज नको.

मी देल्फीना. एत्तोरेची आधीची बायको. त्याने तुम्हाला माझ्याबद्दल काही सांगितलं नसणार अशी माझी अटकळ आहे. जन्मभर बाटल्यांची बुचं विकली त्याने, आणि धंदा माणसाच्या अंगात मुरतो.

तुम्ही दोघं आज मोंकाल्वोला, मग नित्साला, मग आल्बाला आणि शेवटी आमच्या गावी माझ्या भावाच्या, बात्तिस्ताच्या खाणावळीत जाणार आहात. रोझेत्ताने फोनवर सांगितलं, पण तिने तोंड उघडायच्या आतच मला कळलं होतं. द्राक्षं उतरली की गाडीत बुचांच्या पेट्या घालून आम्ही दर वर्षी याच रस्त्याने, याच क्रमाने जायचो. दिवसा तळघरं पालथी घालत नवी वाइन चाखायची, संध्याकाळी याच खाणावळींत जेवायचं. एत्तोरेला नवी बायको सुचली, नवा रस्ता काही सुचला नाही.

तुम्ही मिलानच्या, इकडे नवख्या, म्हणून दोन शब्द. आज रोझेत्ता उकडलेल्या मांसाचा गाडा ढकलत तुमच्या टेबलाशी येईल. सात प्रकार असतात. तुमचं पोट नाजूक असणार, तेव्हा कोंबडीचा तुकडा घ्या आणि थांबा. जीभ घेऊ नका. वासराच्या डोक्याकडे तर बघूसुद्धा नका. हिरवी चटणी बाधते. आणि ग्रिन्योलीनो वाइन फिकी दिसते म्हणून भरवसा ठेवू नका, डोक्यात चढते. पाणी घ्या. मोंकाल्वोचं पाणी छान आहे.

आता मुद्द्याचं. आमच्याकडे लग्न झालं की त्या सालच्या वाइनच्या बाटल्या तळघराच्या भिंतीत चिणतात. सासरा आणि जावई मिळून विटा लावतात. पहिलं मूल मोठं होऊन त्याचं लग्न ठरलं, की भिंत फोडायची आणि तीच वाइन वऱ्हाडाला पाजायची. आमची भिंत एकसष्ट सालची, बाबांच्या, म्हणजे आता बात्तिस्ताच्या खाणावळीच्या तळघरात. अजून उभी आहे.

बात्तिस्ताला आता नेमक्या त्याच जागी स्विस पर्यटकांसाठी संडास बांधायचाय. त्याने एत्तोरेला कळवलं, मला नाही कळवलं. बहिणीला भ्यायची त्याची जुनी सवय आहे. आणि एत्तोरे म्हणाला म्हणे, "मी येतोच आहे. पहिला हातोडा मीच घालतो. क्लेलियालाही गंमत दाखवतो."

गंमत.

माझं मागणं एवढंच: त्याला हातोडा उचलू देऊ नका. गवंडी फोडेल भिंत, बाटल्या जाऊ देत गटारात. पण त्या भिंतीतली वाइन तुमच्या ग्लासात पडता कामा नये. हे मी मत्सराने म्हणत नाही. मत्सर वाटायला समोरच्याकडचं काहीतरी हवंसं वाटावं लागतं.

आपली,
देल्फीना


आस्ती, १९ ऑक्टोबर
(नित्साला, पिनीनच्या खाणावळीत. आस्तीहून सुटणाऱ्या बसचा ड्रायव्हर हे पत्र आणून देईल. टपालखात्यावर सोपवलं असतं तर तुम्ही मिलानला पोचल्यावर मिळालं असतं.)

सिन्योरा,

काल रोझेत्ताला फोन केला होता.

"कसं होतं?" मी विचारलं.

"काय?"

"जेवण गं. जेवणाचं विचारतेय."

"जेवण उंच आहे," रोझेत्ता म्हणाली. "केस आखूड कापलेत. तुझ्याहून दहाएक वर्षांनी लहान असेल. हसतं छान."

"रोझेत्ता, मी टोप्यांचं दुकान बंद ठेवून फोनवर उभी आहे."

"मग सरळ विचार ना. जीभ खाल्ली तिने. वासराचं डोकं दोनदा मागून घेतलं. चटणी तर मी पुन्हा वाटली. आणि पाण्याचा जग होता तसा परत आला."

म्हणजे माझं पत्र तुम्ही जेवणाआधी वाचलंत, आणि जे जे घेऊ नका म्हटलं ते ते घेतलंत. बरं केलंत. डोक्याचा तुकडा गाड्यावरचा सगळ्यात चांगला तुकडा असतो, हे मी तुम्हाला का सांगावं? माझ्याच काट्याने टोचून मी तुम्हाला का भरवावं? पण जिभेचा तुकडा एत्तोरेने स्वतः उचलून तुमच्या ताटात वाढला, हे रोझेत्ताने सांगायची काही गरज नव्हती. माझ्या ताटात तो वाढायचा तेव्हा आधी कडेची चरबी कापून टाकायचा. कापली का त्याने? हे आपलं सहज विचारलं.

आज नित्सात बान्या काउदा असणार. लसूण, खारवलेले बारके मासे आणि तेल, मंद आचेवर पार विरघळेपर्यंत शिजवलेलं. टेबलाच्या मध्यभागी एकच भांडं, खाली निखारे, आणि सगळ्यांनी त्यात भाज्या बुडवून खायच्या. सोबत या वर्षीची बार्बेरा वाइन, अजून दात आंबवणारी. त्या लसणाचा वास दोन दिवस अंगातून जात नाही. दोघांनी खाल्लं तर कुणालाच येत नाही. एकाने खाल्लं आणि दुसऱ्याने नाही, तर संसार मोडतो. म्हणून कळकळीने सांगते, तुम्ही खाऊ नका. एत्तोरेला मात्र पोटभर खाऊ द्या.

आणखी एक. भांड्याच्या तळाशी थोडं उरलं की त्यात अंडं फोडून ढवळतात. ते शेवटचं अंडं माझं असायचं. पंचवीस माणसांच्या पंगतीतसुद्धा एत्तोरे ते भांडं माझ्याकडे सरकवायचा आणि कुणी चकार शब्द काढत नसे. ते अंडं मागू नका.

भिंतीबद्दल तुम्ही अजून काहीच कळवलं नाही.

देल्फीना


आस्ती, २१ ऑक्टोबर
(आल्बाला)

सिन्योरा,

पिनीन माणूस चांगला, पण खोटं बोलायची अक्कल नाही त्याला.

"अंडं कुणी खाल्लं?" मी विचारलं.

"कसलं अंडं?"

"भांड्यातलं. शेवटचं."

"बाई, खाणावळ गच्च भरली होती, मी काय कुणाकुणाची अंडी बघत बसू?"

"पिनीन."

"तिने खाल्लं," तो म्हणाला. "आणि पावाने भांडं पुसून घेतलं. माझ्यावर चिडू नकोस हं, मी फक्त अंडं फोडलं."

त्यानंतर ड्रायव्हरने तुमची चिठ्ठी आणून दिली. मी ती दुकानात, गिऱ्हाईक आरशासमोर टोपी घालून उभं असताना वाचली. गिऱ्हाईक टोपी न घेता गेलं.

तुम्ही लिहिता: "तुमच्या सल्ल्यांबद्दल आभारी आहे. ते उलटे करून वापरले की छान जेवण होतं. पण एक सांगू? मी टेबलाशी बसायच्या आत तो दोघांचं मागवून मोकळा होतो. मला काय हवंय हे विचारतच नाही. जीभ आली, माझ्याकडे सरकवली. अंडं आलं, माझ्याकडे सरकवलं. मला कळलं, ही जागा कुणीतरी आधी बसून गरम केलेली आहे. सगळ्या प्रवासात त्याने तुमचं नाव एकदाही घेतलं नाही. घेतलं असतं तर बरं झालं असतं. मी तुमच्या जिभेने जेवतेय, सिन्योरा, आणि वाईट हे की जेवण मला आवडतंय."

हे वाचून मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. दुपारपर्यंत टिकला. मग मला वाटलं, हिला वाईट वाटतंय ते माझ्यामुळे, पण पोट भरतंय ते हिचं. आठवण माझी आणि अंडं हिचं, हा कुठला व्यवहार?

खाली तुम्ही विचारलंय, भिंतीचं नेमकं काय आहे, तो तर म्हणतो सासऱ्याची जुनी गंमत आहे.

ऐका तर.

भिंतीत लोक बारोलो चिणतात. जहाल वाइन, वर्षानुवर्षं टिकते, उलट जितकी थांबेल तितकी सुधारते. बाबांच्या मळ्यात मात्र दोल्चेत्तो होती. दोल्चेत्तो म्हणजे रोजच्या जेवणातली वाइन, दोन-तीन वर्षांत पिऊन टाकायची. सगळं गाव सांगत होतं, लुइजी, वेडा का काय, शेजाऱ्याकडून बारोलो घे. बाबा म्हणाले, "माझ्या नातवाच्या लग्नात मी परक्याची वाइन पाजू?" मग एत्तोरेने त्याच्याकडची सगळ्यात लांब, सगळ्यात भारी बुचं आणली, बारोलोसाठी ठेवलेली. बाबा हसले. "गाढवावर घोड्याचं खोगीर," म्हणाले. एत्तोरे म्हणाला, "मामंजी, गाढव टिकेल की नाही ते मला ठाऊक नाही. खोगीर टिकेल." दोघांनी विटा लावल्या. दोघांच्या कोपरांना चुना लागला होता आणि दोघंही बऱ्यापैकी प्यायलेले होते, म्हणून ती भिंत जरा तिरकी आहे. बघालच.

नातू झाला नाही. नातही नाही. दर वर्षी बुचं घेऊन गावी गेलो की बाबा तळघरात जाऊन त्या भिंतीवर टिचकी मारायचे आणि वर येऊन माझ्याकडे बघायचे. मग एका वर्षी त्यांनी टिचकी मारणं बंद केलं. ते मला जास्त लागलं.

तर ती गंमत अशी आहे.

आल्बात तुमच्या शेवयांवर पांढरं ट्रफल किसतील, जमिनीखाली सापडणारी, सोन्याच्या भावाची अळंबी. वाढपी विचारेल, "पुरे?" तुम्ही काही बोलू नका, त्याच्याकडे बघत राहा. हा सल्ला उलटा करू नका, खरा आहे.

मी गावी येणार नाही. थंडी सुरू होतेय, टोप्यांचा मोसम आहे.

देल्फीना


आस्ती, २२ ऑक्टोबर
(गावी, बात्तिस्ताच्या खाणावळीत)

काल बाबांबद्दल जे लिहिलं ते वाचलं असेल तर विसरून जा. भिंतीबद्दलचं मागणं कायम आहे.

दे.


आस्ती, ६ नोव्हेंबर
(मिलानला, टपालाने. घाई नाही.)

क्लेलिया,

आता "तुम्ही" म्हणवत नाही. ज्या बाईने आपल्याला स्वयंपाकघराच्या दाराआड लपलेलं पकडलं तिला अहोजाहो करण्यात अर्थ नसतो.

तू पत्रात विचारलंस, मी तिथे कधीपासून होते. सकाळच्या बसपासून. मी येणार नाही असं तुला लिहिलं ते खरंच होतं, लिहिलं तेव्हा. मग वाटलं, फोनवर विचारायचं तरी कुणाला? तिथे ना रोझेत्ता, ना पिनीन. बात्तिस्ता तर मला हवामानसुद्धा खरं सांगत नाही.

मागच्या दाराने गेले. भावजय तेरेसीना कणकेत सारण भरत होती. मला बघून तिच्या हातातला चमचा पडला.

"वन्सं, तुम्ही? बाहेर ते दोघं..."

"मला ठाऊक आहे. सरक जरा, मी पण भरते. तुझी पारी जाड झालीय."

बात्तिस्ता आत आला, मला पाहिलं, आणि आल्या पावली परत निघाला.

"थांब," मी म्हटलं. "मी इथे आहे हे बाहेर सांगायचं नाही."

"ताई, पण त्या बाईने तर हातोडा..."

"तिने काय?"

"लपवलाय," तो म्हणाला. "सकाळपासून शोधतोय. एत्तोरे शोधतोय, मी शोधतोय. ती म्हणते, ज्यांची भिंत आहे त्यांना बोलवा, मग मिळेल."

हे मला कुणी सांगितलं नसतं तर मी तुझा सुखाने द्वेष करू शकले असते. माझा एक चांगला आधार तू असा काढून घेतलास.

मी तेव्हाच बाहेर यायला हवं होतं. तेरेसीनाही तेच म्हणाली. पण मला बघायचं होतं. मी नसताना तो काय करतो, हे मला या सगळ्या वर्षांत एकदाही बघायला मिळालं नव्हतं. आणि बात्तिस्ता कसला थांबतोय, त्याचा गवंडी दुपारनंतर दुसऱ्या कामावर जाणार होता. त्याने पहार आणली. तळघरातून पहिला आवाज आला तेव्हा माझ्या हातातली पारी फाटली.

मग तुम्ही सगळे धुळीने माखून वर आलात. ताटं आत-बाहेर करायची ती लहान खिडकी आहे ना, तिथून मला तुमचं टेबल पूर्ण दिसत होतं. एत्तोरेने पहिली बाटली गुडघ्यांत धरली. बूच अख्खं निघालं. त्याने ते हुंगलं, मग उजेडात धरून फिरवून पाहिलं. बाटलीतल्या वाइनकडे त्याने अजून बघितलंही नव्हतं. मला हसू आलं, तेवढं माझं अजून शिल्लक होतं. मग त्याने ओतली. विटेच्या रंगाची झाली होती. एक ग्लास तुला, एक बात्तिस्ताला, एक त्याला. आणि मग तू चौथा ग्लास पुढे केलास, त्यात ओतायला लावलीस, आणि तो रिकाम्या खुर्चीसमोर ठेवलास.

ते मी पाहिलं. पाहिलं नाही असं मी तुला तेव्हा म्हटलं, ते खोटं.

मी का आले नाही? कारण मी वाट बघत होते. तो माझं नाव घेतो का, याची. ग्लास तू ठेवलास, क्लेलिया, त्याने नाही. त्या रिकाम्या खुर्चीकडे बघून त्याने एकदा, फक्त एकदा, "देल्फी" म्हणावं, की मी त्या दारातून अशी बाहेर येणार होते की जणू आत्ताच बसमधून उतरले. नवी टोपीसुद्धा घालून आले होते.

तुम्ही प्यायलात. मी तुमच्या चेहऱ्यांकडे बघत होते. बात्तिस्ताने डोळे मिटले. तू ग्लास खाली ठेवलास आणि पुन्हा उचललास. एत्तोरेने ग्लास पुन्हा नाकाशी नेला, मग म्हणाला, "म्हातारा बरोबर होता."

म्हातारा. सासऱ्याचं नाव घेतलं. तेही धड घेतलं नाही.

मी आणखी थांबले. तेरेसीना मागून म्हणत होती, "वन्सं, जा आता. अहो, जा." मी म्हटलं, बघू, अजून बघू. जुनी वाइन कशी असते ते तुला आता ठाऊक झालंय. बाटली उघडली की ती जरा वेळ जागी होते, मरायला टेकलेला माणूस एकाएकी उठून बसतो, जेवायला मागतो, तशी. घरचे म्हणतात, बरं वाटतंय वाटतं. आणि मग ती जाते. बुचवाल्याची बायको मी, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण त्या घटकेला मी वाइनकडे बघत नव्हते.

शेवटी तूच उठलीस, दार ढकललंस, आणि पिठाने भरलेल्या हातांची मी समोर. तू हसलीसही नाहीस. "तुमचा ग्लास वाट बघतोय," एवढंच म्हणालीस.

मी बसले. एत्तोरे उभा राहिला, बसला, पुन्हा उभा राहिला. मी प्यायले. ओला पुठ्ठा, गंज, आणि मागून शिरका. काहीच नव्हतं त्यात.

"थोड्या वेळापूर्वी होती," तू हळूच म्हणालीस. "चेरीसारखी. खरंच होती."

मी तुझ्यावर विश्वास ठेवते. तेच तर दुखतं. माझ्या लग्नाची वाइन जिवंत होती तेव्हा तू चाखलीस, आणि मेल्यावर मी. जिभेच्या तुकड्याचं मी सोडून दिलं असतं, अंड्याचंही कधीतरी दिलं असतं. हे नाही सोडवत. तू चांगली बाई आहेस, हातोडा लपवलास, ग्लास राखलास, आणि त्यामुळे तुला बोल लावायची सोयही राहिली नाही. मत्सर तोच, फक्त त्याला टेकायला आता भिंत नाही. पहिल्या पत्रात मी मत्सराबद्दल काय लिहिलं होतं ते वाचून पुन्हा हसू नकोस.

ग्लास मी पूर्ण संपवला. तुम्ही तिघांनी थांबवलंत तरी संपवला. माझ्या वाटणीचा होता.

त्यानंतरच्या बाटल्या एकेक करून उघडल्या त्या तुझ्यासमोरच. सगळ्या शिरका. तेरेसीनाने सॅलडसाठी ठेवून घेतल्या, चांगला शिरका वाया कशाला घालवायचा. आणि शेवटची एक राहिली ती मी टोपीच्या पिशवीत घातली.

"देल्फी," एत्तोरे तेव्हा म्हणाला. तेव्हा म्हणाला, बघ. "ती पण गेलेलीच असणार."

"असेल."

"मग उघडून बघू."

"नको."

"निदान बूच बघू दे. ओलसर आहे की सुकलंय, एवढंच."

"नको," मी म्हटलं, आणि बसला गेले.

आता तुझ्या पत्राचा शेवट. तू विचारतेस, ती बाटली उघडली का. क्लेलिया, अक्षर तुझं आहे, प्रश्न तुझा नाही. तुला वाइनचं काय पडलंय, तुझी चाखून झालीय. प्रश्न बुचवाल्याचा आहे. तूच लिहितेस की हल्ली तो अंथरुणात उठून बसतो, काय झालं विचारलं तर म्हणतो, काही नाही, त्या एका बाटलीचा विचार करत होतो, ते बूच जरा वेगळं होतं, एखादे वेळी टिकलं असेल.

त्याला सांग, बाटली माझ्या दुकानात आहे, वरच्या फळीवर, टोप्यांच्या मागे. आडवी ठेवलीय, बूच ओलं राहावं म्हणून. अंधारात ठेवलीय. नीट सांभाळणार आहे.

उघडणार नाही. आत बाबांची दोल्चेत्तो जिवंत आहे की शिरका झालाय, हे मला कधी कळणार नाही, तुला कळणार नाही आणि त्याला तर नाहीच नाही. तेवढं मला परवडतं.

अंडं तू खा. जीभ तू खा. तो सगळा तुझा. पण मिलानमध्ये तुझ्या शेजारी तो असा उठून बसेल ना, तेवढा वेळ तो माझा.

देल्फीना